कपाटातला जमरा

सुनमायाचं नाव आधी लिहिते. मग बाकीचं.

सुनमाया नेपाळची. दुबईत अल कुसैसला आमच्या गल्लीच्या तोंडाशी लेडीज टेलरिंगचं दुकान होतं, तिथं ती मशीनवर बसायची. माझ्याहून बऱ्याच वर्षांनी लहान. मला दिदी म्हणायची. आज मी अजमानमध्ये राहते आणि माझा पासपोर्ट माझ्या उशाखाली असतो. ते तिच्यामुळं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. लिहायला बसले की भीती वाटते, कुणाला राग येईल, काही चुकेल. राग येऊ दे. चुकू दे. तिचं नाव तेवढं राहून जायला नको.

ज्या घरात हे घडलं त्या घरातल्यांची नावं मी लिहिणार नाही. शेट आणि वहिनी, एवढं बस. वहिनी माझ्यापेक्षा लहान, पण मला अगं-तुगं करायची आणि मी तिला अहो-जाहो. तोंडावर तसंच बोलावं लागलं. लिहिताना मी तिला अहो-जाहो करणार नाही.

आता मातीचं सांगते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेटनं रास अल खोरहून मातीचं पोतं आणलं. वहिनी दारातच ओरडली, "पस्तीस दिरहॅमची माती! म्हणजे चारशे रुपयांच्या वर गेली की हो. गावाला फुकट मिळते." पोतं मी मागच्या अंगणात ओढत नेलं. माती चाळली. खडे काढले, प्लास्टिकचे तुकडे वेचले, ढेकळं हातानं चुरली. अशी मऊ केली की लेकराला खेळायला द्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये वहिनीच्या मैत्रिणी जमल्या होत्या. नऊवाऱ्या, नथी, सेंटचा वास. मी घमेलं घेऊन हॉलच्या दाराशी गेले.

"थांब तिथंच."

वहिनी आतून बाटली घेऊन आली. मुंबईहून आणलेली, गोमूत्राची. तिनं मातीवर शिंपडलं. मग घमेल्याच्या कडांवर, जिथं मी धरलं होतं. मी अजून धरूनच उभी होते. थेंब माझ्या मनगटावर उडाले. तिनं ते पाहिलं, आणि आणखी एकदा शिंपडलं.

"सोड आता. आणि नऊ दिवस हॉलमध्ये यायचं नाही हं. देवाचं आहे."

मग मैत्रिणींकडं वळून म्हणाली, "तशी ती व्हेरी क्लीन आहे हं. पण शेवटी त्यांच्यातली ना."

कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वहिनीची धाकटी मुलगी सोफ्यावर बसली होती. ती म्हणाली, "बट मम्मा, शी मेक्स अवर चपातीज."

"दॅट्स डिफरंट, बेटा."

काय डिफरंट, ते कळायला मला इंग्रजी लागलं नाही.

शेटचा डाळी-मसाल्यांचा धंदा होता. वहिनीचा घरगुती खाण्याचा. पुरणपोळ्या, मोदक, उपासाचे डबे, दिवाळीचं फराळ. कुसैस, शारजा, कुठून कुठून लोक गाड्या घेऊन यायचे. म्हणायचे, वहिनींच्या हाताला काय चव आहे! वहिनीचा हात फोनवर असायचा. पिठात, तेलात, पुरणात होता तो माझा.

स्वयंपाकघरात दोन शेगड्या होत्या. मोठी धंद्याची. कोपऱ्यातली छोटी देवाची. छोटीला मी हात लावायचा नाही. तिच्यावर वहिनी नैवेद्याची वाटीभर खीर करायची. तिला खीर यायची नाही. गुठळ्या व्हायच्या. त्या गुठळ्या देव खायचा. इकडं मोठ्या शेगडीवरची माझ्या हातची भगर, साबुदाण्याचे वडे, रताळ्याच्या फोडी देवीचा उपास धरलेली अख्खी गर्दी खायची. म्हणजे उपास धरणाऱ्याच्या पोटात माझा हात चालतो. धंद्यात तर पळतो. देवाच्या पोटात चालत नाही. देवाचं पोट इतकं नाजूक. गावाला तसंच होतं. मला वाटलं होतं, समुद्र ओलांडला की देव जरा दणकट होत असेल.

माझी जात तिला ठाऊक होती. मुंबईत मी तिच्या मावशीकडं कामाला होते. मावशीनं माझ्यासमोर फोनवर सांगितलं, "हाताला चव आहे गं. पण मांगाची आहे. देवघरात घालू नको." भांडं विकताना कुठं पोचा आहे ते सांगतात तसं. आणि इथं उतरल्या दिवशी शेटनं माझा पासपोर्ट कपाटात ठेवला. "सेफ राहील," म्हणाला.

माझा पोरगा गावी बहिणीकडं होता. दहावीला. त्याची शाळा, त्याचं खाणं, बहिणीच्या घराचा पत्रा, सगळं त्या कपाटाच्या किल्लीला बांधलेलं. म्हणून मनगटावरचे थेंब मी पदरानं पुसले आणि साबुदाणा भिजत घातला.

गावाला दसऱ्याला शाळेत पाटीपूजन असायचं. पोरं पाटीवर सरस्वती काढायची आणि पाट्या मांडून ठेवायची. गुरुजी मला म्हणाले होते, "तुझी पाटी जरा बाजूला ठेव." मी ठेवली. खडूनं सरस्वती मीच सगळ्यात सुबक काढली होती. ती बाजूला बसली माझ्याबरोबर. त्या वर्षानंतर शाळा सुटली. आई आजारी पडली म्हणून सुटली, गुरुजींमुळं नाही. पण पाटी आठवते ती बाजूलाच.

सुनमायाची ओळख ब्लाऊजांमुळं. वहिनीचे ब्लाऊज शिवायला टाकायला मी जायची. एकदा तेल उडून माझा पंजा भाजला होता. सुनमायानं मशीन थांबवली. थंड पाण्याची बाटली माझ्या हातावर धरली. मग थर्मासातला चहा झाकणात ओतला आणि माझ्यापुढं केला.

"पियो दिदी."

मी प्याले. झाकण परत दिलं. मला सवय आहे, मी बघत राहते पुढं काय होतं ते. तिनं झाकण धुतलं नाही. त्यातच स्वतःचा चहा ओतला आणि फुंकर मारत प्याली. माझ्याकडं तिचं लक्षही नव्हतं. ती वहिनीच्या ब्लाऊजला शिव्या देत होती. "ये मॅडम हर महीना मोटा होता है, और बोलता है कपड़ा छोटा हो गया."

नवरात्रात ती म्हणाली, "दिदी, दशैं में क्या करोगे?" दशैं म्हणजे त्यांचा दसरा. त्यांच्यात तोच सगळ्यात मोठा सण. जिथं असतील तिथून माणसं घरी जातात, कारण त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातून कपाळाला टिळा घ्यायचा असतो. वयानं जो मोठा तो लावतो, लहान असेल तो वाकतो. "यहाँ से कौन जाएगा? छुट्टी कौन देगा? तो हम लोग अजमान में करते हैं. शुक्रवार को बारह बजे मैं दुकान के सामने खड़ा रहूँगा. आना है तो आओ."

मी हो म्हटलं नाही. भीती. कुठं गेले, कुणाकडं गेले, वहिनीला कळलं तर?

दसरा शुक्रवारीच आला, इथल्या सुट्टीच्या वारी. पहाटे उठून मी पुऱ्यांचं पीठ मळलं, श्रीखंड फेटलं, बटाटेवड्यांचं सारण केलं. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. वहिनीचे सासरे पुण्याहून आले होते, त्यांच्या हातून दुपारी पूजा व्हायची होती. बाराच्या सुमारास वहिनी स्वयंपाकघरात आली. नवीन साडी.

"तू आज सुट्टी घे. यल्ला, फिरून ये जरा. दादांची पूजा होईपर्यंत घरात नको. संध्याकाळी वडे तळायला ये."

आणि जाता जाता आपट्याचं एक पान तिनं वॉशिंग मशीनवर ठेवलं.

"सोनं घे हं."

मी हात पुढं केला होता. तोवर पान मशीनवर पडलं होतं.

ते मी उचललं नाही. चप्पल घातली आणि गेले. दुकानाचं शटर खाली होतं. त्याच्यापुढं सुनमाया उभी होती, हातात मटणाच्या पिशव्या, कडेवर पोरगं.

"आया ना! मैं बोला था इसको, दिदी आएगा." तिचा नवरा शेअर टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत होता.

सुनमाया राहायची त्या अजमानच्या घरात दोन खोल्या आणि तीन कुटुंबं. मधे चादरीचे पडदे. आत शिरले तर जिऱ्याचा, मटणाचा, तुपाचा वास एकदम अंगावर आला. पुरुष चटईवर पत्ते कुटत होते. पोरं गच्चीवर पतंग उडवत होती. आणि आतल्या दाराच्या चौकटीला साडीचा झोपाळा बांधला होता. जो येईल त्याला त्याच्यावर बसवायचे. सुनमायानं सांगितलं, दशैंला एकदा तरी माणसाचे पाय जमिनीवरून सुटायला हवेत. मला बसवलं. मी म्हटलं, "टूटेगा." बायका म्हणाल्या, "टूटेगा तो मालिक का दरवाज़ा टूटेगा, आपका क्या?" आणि ढकललं. माझे पाय सुटले. मी लेकरासारखी हसले, तोंडावर पदर घेऊन.

मग सुनमायानं लोखंडी कपाट उघडलं.

खालच्या कप्प्यातले कपडे काढून तिथं ताटं ठेवली होती. ताटांत ओली वाळू. वाळूत जवाचे कोंब उगवले होते, वीतभर, पिवळे, केसांसारखे दाट. त्याला ते जमरा म्हणतात. आपण घटाला धान घालतो आणि दसऱ्याला तुरे टोपीत खोचतो, तसंच. फक्त ते अंधारात वाढवतात, म्हणजे उन्हानं हिरवं होत नाही, पिवळंधमक राहतं. वाळू अजमानच्या किनाऱ्यावरची होती, खारटपणा जाईपर्यंत धुतलेली. जव उंट-घोड्यांच्या खाद्याच्या दुकानातले. वरच्या कप्प्यात पोरांचे शाळेचे युनिफॉर्म, सुनमायाच्या नवऱ्याची पँट, बाजूला उशा. त्यांच्या शेजारी देवीचं धान उगवलं होतं. कुणी काही शिंपडलं नव्हतं. पाणी सोडून.

मला एकदम मातीचं घमेलं आठवलं. मनगट चुरचुरलं.

मोठ्या वाडग्यात तांदूळ, दही आणि लाल रंग कालवला. सगळे भिंतीला टेकून ओळीनं बसले. आणि तिथं घोळ झाला. टिळा लावणार कोण? एवढी वर्षं त्यांच्यात एक म्हातारे सिक्युरिटी गार्ड होते, ते लावायचे. ते कायमचे गावी गेले. उरली सगळी तरणी माणसं. आईबाप, सासूसासरे सगळे तिकडं डोंगरात.

प्रेम नावाचा एक ड्रायव्हर त्याच घरात बायकोबरोबर राहायचा. पत्ते खाली ठेवून तो म्हणाला, "तो फिर मैं ही बड़ा हूँ." वाडगा घ्यायला त्यानं हात पुढंही केला.

सुनमाया माझ्याकडं वळली. "दिदी, आपका उमर कितना?"

"पैंतालीस."

"खलास. दिदी सबसे बड़ा."

सगळे "हो, हो" म्हणाले. वाडगा माझ्या मांडीवर आला.  मी उठायला लागले, वाडगा कलंडला असता. माझ्या तोंडून निघून गेलं, "नहीं, नहीं. मेरे हाथ का नहीं चलता. हम लोग मांग हैं. छोटी जात."

 मला वाटलं, झालं. आता झाकण धुतील.

प्रेम उठला. "घर पे फोन करना है," म्हणाला आणि बाहेर गॅलरीत गेला.

सुनमाया माझ्यासमोर बसली. हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "दिदी, हम कामी हैं. लोहार. मेरा बाप पूरे गाँव का हँसिया बनाता था. दशैं के दिन हम लोग मालिक के आँगन में नीचे खड़ा होता था. मालिक ऊपर ओसारे पे. हम लोग ऐसे हाथ करता था," तिनं ओंजळ पुढं केली, "और वो ऊपर से टीका गिराता था. फिर हम अपने हाथ से अपने माथे पे लगाता था. मेरी माँ ने पूरी ज़िंदगी अपना टीका खुद लगाया. समझा? मेरे माथे पे आज तक किसी बड़े का हाथ नहीं लगा, अपने घरवालों को छोड़ के. वो बूढ़ा गार्ड भी दूर से लगाता था, दो उँगली से, जैसे गरम तवा छू रहा हो."

आणि तिनं डोकं खाली केलं. माझ्यापुढं.

"लगाओ. दबा के लगाओ."

 मी बोटांत टिळा घेतला आणि तिच्या कपाळावर ठेवला. अंगठ्यानं दाबला. दही बोटांतून गळलं, दाणे चिकटले. मला त्यांचे मंत्र येत नव्हते. मी मराठीतच म्हटलं, "सुखी राहा. कुणापुढं वाकू नको." आणि ती तर माझ्यापुढं वाकलेली. मला हसू फुटलं. तिलाही. मग तिचा नवरा आला, पोरगं आलं, शेजारची दोन्ही कुटुंबं आली. एकेकाचं कपाळ माझ्यापुढं येत होतं आणि मी टिळा लावत होते. माझ्यासमोर आजवर एवढी कपाळं खाली झाली नव्हती. मीच खाली करत आले होते. लहानांना मोठ्यांनी काहीतरी द्यायचं असतं. माझ्या पिशवीत शंकरपाळ्यांचे तुकडे होते, विकायला न चालणारे. तेच दिले. पोरांनी तिथंच फस्त केले.

शेवटी प्रेमची बायको आली. एकदा गॅलरीकडं बघितलं आणि पटकन खाली बसली. "हजुर," म्हणाली आणि डोळे मिटले. मी लावला. तिच्या कपाळाला सगळ्यात मोठा लावला.

प्रेम गॅलरीतून आला तो थेट जेवायलाच. सुनमायानं रांधलेलं मटण त्यानं दोनदा मागून घेतलं. वरच्या जातीचा होता, पण तिच्या हातचं रोज खायचा, चूल एकच होती. मटणाला हात चालतो, कपाळाला चालत नाही. म्हटलं, हा बघ वहिनीचा नेपाळातला भाऊ. या लोकांचे देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण जीभ आणि कपाळ यांच्यामधे सगळ्यांनी एकाच उंचीची भिंत बांधलीय. आणि जेवायची वेळ झाली की तिला बरोबर दार फुटतं.

निघताना सुनमाया म्हणाली, "दिदी का माथा खाली है."

"मुझे कौन लगाएगा? मैं तो बड़ी हूँ."

"एक मिनट के लिए मैं बड़ा." सगळे ओरडले, "आमा! आमा!" त्यांच्यात आईला म्हणतात तसं. तिनं साडीचा पदर डोक्यावर घेतला, म्हातारीसारखी कंबर वाकवली आणि माझ्या कपाळाला टिळा थापला. भुवईपासून केसांपर्यंत. पिवळा जमरा माझ्या कानावर आणि अंबाड्यात खोचला. मग थट्टा थांबवून म्हणाली, "इसको पोंछना नहीं. अपने आप सूख के गिरेगा."

टॅक्सीपर्यंत सोडायला आली तेव्हा मी तिला माझी भीती सांगितली. पासपोर्ट, पोराची शाळा. ती म्हणाली, "दिदी, उन लोगों का धंधा तुम्हारा हाथ है. पासपोर्ट उनके पास है. हाथ तो तुम्हारे पास है ना?"

मी मागच्या दारानं घरात शिरले तेव्हा हॉल भरला होता. कुणीतरी म्हणत होतं, "तुरे द्या की वहिनी, टोप्या घालून बसलोय." मी कढई ठेवली. तेवढ्यात वहिनी घाईनं आत आली आणि मला बघून थबकली.

"हे काय सोंग?"

"दसऱ्याचा टिळा आहे. नेपाळी लोकांच्यात लावतात."

"कुठले नेपाळी? ती टेलर? अगं, तिची जात तरी माहितेय का तुला?"

"माहितेय. माझ्यासारखीच."

"शी! पुसून टाक आधी. बाहेर लोक बसलेत." मग तिचे डोळे माझ्या कानाकडं गेले. तिनं आवाज खाली आणला. "ते धान आहे का? इतकं लांब कसं आलं?"

तेव्हा मला कळलं. तिचं धान उगवलंच नव्हतं. हॉलमधला एसी नऊ दिवस चालू, घटावर पाण्याचे तांबे ओतलेले. चारशे रुपयांची माती, गोमूत्र, नथी, आणि वर बुरशी. सासऱ्यांच्या टोपीत खोचायला काडी नव्हती.

"दे इकडे," वहिनी म्हणाली. "धान चालेल. मी गोमूत्र शिंपडते त्याच्यावर. तू टिळा पूस आणि वडे तळायला घे, यल्ला."

 धान चालेल. वडे चालतील. चपाती चालेल. मी पुसायची. माझ्यातलं जे हवं ते कापून घ्यायचं, त्याच्यावर बाटली शिंपडायची, आणि उरलेली मी वॉशिंग मशीनशेजारी उभी. ही बाई देवाला भीत नव्हती. भीत असती तर माझ्या कानावरचं धान उपटून देवाला वाहायची हिंमत झाली नसती तिची.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"धान देणार नाही. टिळाही पुसणार नाही."

"शुद्धीवर आहेस का? उद्या व्हिसा कॅन्सल करायला लावीन ह्यांना. खलास. बस मग गावाला बोंबलत."

घाबरले मी. खोटं कशाला लिहू. पोराचं तोंड डोळ्यांपुढं आलं, दप्तर घेतलेलं. कढईखालचा जाळ बारीक केला. मग बोलले.

"करा की कॅन्सल. दिवाळी तोंडावर आलीय. ऑर्डरी घेऊन बसलाय तुम्ही. चकली कोण पाडणार? तुम्ही?"

 वहिनीला चकली येत नाही हे तिला आणि मला दोघींनाच ठाऊक होतं. वडे का येत नाहीत बघायला शेट आत आला. त्यानं माझ्या कपाळाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. ऑर्डरी ऐकल्या की त्याला सगळं समजायचं.

"काय पाहिजे तुला?" त्यानं विचारलं.

"फराळ करून देते. शेवटची चकली तळली की माझा पासपोर्ट आणि दुसरीकडं काम करायला एनओसी. सहीची. माझ्या हातात. ओट्यावर नाही."

"बघू. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको, शेट. हो म्हणा."

तो म्हणाला, "हो." आणि बायकोला म्हणाला, "बाहेर चल. लोक थांबलेत." तिनं एकदा माझ्या कपाळाकडं बघितलं आणि गेली.

मी वडे तळले. परात भरली आणि स्वतः हॉलमध्ये घेऊन गेले. नऊ दिवस बंद असलेल्या दारातून. लाल टिळा, कानावर जमरा.  धाकटी मुलगी म्हणाली, "वॉव, मावशी!" सासरेबुवांची टोपी रिकामीच होती. मी परात त्यांच्यापुढं धरली. त्यांनी टिळ्याकडं बघितलं. जमऱ्याकडं बघितलं. मग वडा उचलला. गरम होता. फुंकर मारून खाल्ला. सगळ्यांनी खाल्ले. घट कोपऱ्यात बुरशी धरून बसला होता, त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

टिळा मी पुसला नाही. तो सुकला आणि दोन-तीन दिवसांत दाणा-दाणा गळला. मी तेव्हा भाजणी भिजवत होते. एखादा दाणा परातीत पडला असेल. शोधला नाही. ती चकली कुठल्या कुठल्या देवघरात नैवेद्याला गेली असेल. देवाला काही झाल्याचं ऐकलं नाही.

दिवाळीचा शेवटचा घाणा काढला आणि शेटला बोलावलं. त्यानं पासपोर्ट आणि कागद आणले आणि ओट्यावर ठेवले. सवय. मी उचलले नाहीत. हात पुढं करून उभी राहिले. हाताला तेल लागलेलं. तो माझ्या हाताकडं बघत राहिला, मी त्याच्याकडं. कढईतलं तेल निवत होतं. शेवटी त्यानं ते उचलले आणि माझ्या तळहातावर ठेवले. बोटं लागली. मेला नाही.

सुनमायानं मला अजमानला पडद्यामागं जागा दिली. प्रेम म्हणाला, "जगह किधर है?" ती म्हणाली, "कपाट के सामने है." तिच्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये मला काम मिळालं, व्हिसा मिळाला. व्हिसा होईपर्यंत तिनं मला खायला घातलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. त्या कॅन्टीनमध्ये मी अजून आहे. कॅन्टीनला एकच शेगडी आहे. पोरगा दहावी पास झाला, पुढं शिकला. वहिनीकडं दुसरी बाई आली, असं ऐकलं. तिची जात विचारून घेतली असेल. चकलीचं काय झालं, मी विचारायला गेले नाही.

पुढं सुनमायाच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि ती गावी परत गेली. दशैंला मी कार्ड घालून फोन करते. या वर्षी मी विचारलं, "टीका लिया?" ती म्हणाली, "घर पे लिया. मालिक के आँगन में नहीं गया." मग म्हणाली, "माँ गया था. ऐसे हाथ कर के."

फोन ठेवला तरी ती ओंजळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

सुनमाया, तू एका मिनिटापुरती माझी मोठी झालीस आणि माझं डोकं कायमचं वर केलंस. हे देणं माझ्यावर आहे. एका दशैंला मी तुझ्या गावी येणार आहे. कधी ते सांगता येत नाही, पण येणार. त्या मालकाच्या घरी आपण तिघी जाऊ. आईला अंगणात उभं राहू द्यायचं नाही. पायऱ्या चढायच्या. ओसरीवर तिला बसवीन, शेजारी तुला. वयानं तीच मोठी, म्हणून आधी तिच्या हातून मी टिळा घेईन, वाकून. मग तुला मी लावीन, दाबून, दाणे चिकटेपर्यंत. मालक बघत असला तर बघू दे. फोन करायला उठून गेला तर जाऊ दे. ओसरी आपल्याला पुरेल.